परदेशातले युद्ध घरच्या विरोधाने थांबते का?

खाडीकाठ (गुहागर):

नमस्कार. मी एका कनिष्ठ महाविद्यालयात इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात व्हिएतनाम युद्धाचा भाग शिकवताना अमेरिकेतील विद्यार्थ्यांची निदर्शने, मोर्चे, भरतीची कार्डे जाळणारे तरुण, असे सगळे सांगून झाले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "मॅडम, एवढे लोक रस्त्यावर आले तरी युद्ध कितीतरी वर्षे चाललेच ना? मग त्यांच्या येण्याचा उपयोग काय झाला?" मी त्याला दिलेले उत्तर माझे मलाच पटले नाही. १९६५ मध्ये पहिले मोठे मोर्चे निघाले आणि पॅरिसचा करार २७ जानेवारी १९७३ रोजी झाला, म्हणजे मधे जवळपास आठ वर्षे गेली. २००३ मध्ये तर इराकवरील हल्ला सुरू होण्यापूर्वीच, १५ फेब्रुवारीला, जगातील शेकडो शहरांत लोक रस्त्यावर उतरले होते, एकट्या लंडनमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे होती असे मानले जाते, आणि तरीही २० मार्चला युद्ध सुरू झालेच.

हा प्रश्न मला नुसता पुस्तकी वाटत नाही, याला घरचे कारण आहे. आमच्या मूळ गावी जुन्या शाळेच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी बसवलेली आहे. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धासाठी गावातून किती माणसे गेली आणि त्यांपैकी कितीजणांनी प्राण दिले, एवढेच त्यावर कोरलेले आहे. नाव एकाचेही नाही. लहानपणी त्या पाटीखाली बसून आम्ही डबा खात असू. ती माणसे कोणाच्या युद्धाला गेली आणि त्यांना पाठवू नका असे गावात तेव्हा कोणी म्हणाले असेल का, हे इतक्या वर्षांत माझ्या मनातही आले नव्हते. त्या मुलाच्या प्रश्नानंतर मात्र ते जात नाही.

जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे. अशा युद्धांना घरातून होणारा विरोध नेमका कशामुळे वाढतो, आणि वाढल्यावर त्याने काय साधते?

जुना मास्तर (रत्नागिरी):

ताई, तुमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न योग्य आहे आणि त्याला घाईने उत्तर देऊ नये. मी छत्तीस वर्षे हाच विषय शिकवला आणि सुरुवातीची बरीच वर्षे तो चुकीचा शिकवला, असे आज वाटते. विरोध एकदम उसळला आणि सरकार नमले, असे मी मुलांना सांगत असे. प्रत्यक्षात तसे घडले नाही.

ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातात अमेरिकी युद्धनौकांवर हल्ला झाल्याचे सांगितले गेल्यानंतर अध्यक्ष जॉन्सन यांना लष्करी कारवाईची मोकळीक देणारा ठराव अमेरिकी प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य आणि सेनेटमध्ये ८८ विरुद्ध २ मतांनी संमत झाला. ज्या दोघांनी विरोधी मत दिले ते वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुनिंग. मुलांना ही दोन नावे अवश्य सांगा, कारण विरोधाचा आरंभ एवढाच होता. पुढल्या मार्चमध्ये मिशिगन विद्यापीठात प्राध्यापकांनी रात्रभर चर्चावर्ग घेतले आणि ती पद्धत इतर विद्यापीठांत पसरली. एप्रिलमध्ये वॉशिंग्टनला विद्यार्थ्यांचा पहिला मोठा मोर्चा निघाला, त्यात वीस हजारांच्या आसपास लोक होते. त्या वर्षी ऑगस्टमध्ये गॅलप संस्थेने लोकांना विचारले, की व्हिएतनाममध्ये सैन्य पाठवणे ही चूक होती असे आपणांस वाटते का. शंभरांतील चोवीसजण 'होय' म्हणाले. ऑगस्ट १९६८ मध्ये त्याच प्रश्नाला ५३ टक्के लोकांनी 'होय' म्हटले आणि मे १९७१ मध्ये ६१ टक्क्यांनी. चोविसाचे एकसष्ट होण्यास सहा वर्षे लागली. त्या सहा वर्षांत काय घडले, हेच तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

माझ्या मते युद्धाची किंमत हळूहळू घराघरांत पोहोचली, हे त्यातले पहिले कारण. सक्तीच्या लष्करभरतीतून बावीस लाखांच्या आसपास तरुण घेतले गेले. महाविद्यालयात शिकणाऱ्याला भरती पुढे ढकलून मिळत असे, त्यामुळे आरंभी हा भार गरिबांच्या आणि कामगारांच्या मुलांवर अधिक पडला, आणि हा अन्याय डोळ्यांना दिसत होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ४ एप्रिल १९६७ रोजी न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमधील भाषणात नेमके यावरच बोट ठेवले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चळवळीतले अनेक सहकारी आणि मोठी वृत्तपत्रेही त्यांच्यावर नाराज झाली. त्याच महिन्यात मुष्टियोद्धे मुहम्मद अली यांनी भरतीस नकार दिला. त्यांचे विजेतेपद गेले, शिक्षा झाली, आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करेपर्यंत जून १९७१ उजाडला. १ डिसेंबर १९६९ रोजी जन्मतारखांच्या चिठ्ठ्या काढून भरतीचा क्रम ठरवण्यात आला. काचेच्या भांड्यातून निळ्या कुप्या निघत होत्या आणि देशभरातली घरे दूरदर्शन संचासमोर बसून आपल्या मुलाची तारीख कधी येते हे पाहत होती.

दुसरे कारण विश्वासाचे. विजय जवळ आला आहे असे सरकार सांगत असताना जानेवारी १९६८ च्या अखेरीस टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात उत्तर व्हिएतनाम आणि त्याच्या बाजूच्या बंडखोरांनी दक्षिण व्हिएतनाममधील शंभराहून अधिक शहरांवर आणि ठाण्यांवर एकाच वेळी हल्ले केले. लष्करी दृष्टीने ते हल्ले परतवले गेले, परंतु सरकारचा शब्द मात्र सावरला नाही. ३१ मार्चला जॉन्सन यांनी आपण पुन्हा निवडणूक लढवणार नाही असे जाहीर केले. मार्च १९६८ मध्ये माय लाय येथे अमेरिकी सैनिकांनी गावकऱ्यांची कत्तल केली होती, ती जनतेला कळली नोव्हेंबर १९६९ मध्ये. जून १९७१ मध्ये पेंटागॉनचे, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचे, या युद्धाविषयीचे गुप्त दस्तऐवज वृत्तपत्रांत छापले जाऊ लागले. सरकारने छपाई रोखण्याचा प्रयत्न केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला.

आता 'उपयोग काय' याकडे येतो. मुलांना एक प्रसंग सांगा. १९६९ च्या उन्हाळ्यात जॉन्सन यांच्यानंतरचे अध्यक्ष निक्सन यांनी उत्तर व्हिएतनामला गुप्तपणे बजावले होते, की १ नोव्हेंबरपर्यंत वाटाघाटींत प्रगती झाली नाही तर आम्ही अत्यंत कठोर पावले उचलू. त्यासाठी प्रचंड हल्ल्याची योजना तयार होत होती. १५ ऑक्टोबरला अमेरिकेतील लोकांनी कामधंदा बाजूला ठेवून गावोगावी सभा घेतल्या, मेणबत्त्या लावल्या, चर्चच्या घंटा वाजवल्या आणि मृत सैनिकांची नावे वाचली. सुमारे वीस लाख लोक त्यात होते असा अंदाज आहे. ती योजना निक्सन यांनी बाजूला ठेवली, आणि या निदर्शनांमुळे आपल्या इशाऱ्याची धार गेली असे त्यांनी पुढे आपल्या आठवणींत स्वतःच लिहिले. त्या रात्री मेणबत्ती घेऊन उभ्या असलेल्या एखाद्या शिक्षिकेला यातले काहीच ठाऊक नव्हते. पुढल्या महिन्यात वॉशिंग्टनमध्ये प्रचंड मोर्चा निघाला, युद्ध तरीही चालूच राहिले, म्हणजे आपण हरलो असेच तिला वाटले असणार. जे घडले नाही ते कोणाच्या डोळ्यांना दिसत नाही, ही विरोध करणाऱ्यांच्या वाट्याला येणारी सर्वांत कठीण गोष्ट आहे.

दर्यावर्दी (हर्णै):

मास्तरांच्या लिखाणात भर घालण्याइतका माझा अभ्यास नाही, परंतु मी तेवीस वर्षे मालवाहू जहाजांवर काढली आहेत आणि आमच्या धंद्यातली एक बाजू येथे यायला हवी असे वाटते. परदेशातले युद्ध समुद्रावरून जाते. दारूगोळा, धान्य, तेल, माणसे हे सगळे कोणीतरी जहाजात चढवतो आणि कोणीतरी ते जहाज चालवतो, म्हणून त्याला नकार देण्याची एक जागा बंदरातही असते.

ऑस्ट्रेलियाचे सैन्यही व्हिएतनाममध्ये होते आणि तेथेही जन्मतारखांची सोडत काढून तरुणांना बोलावले जात असे. 'आमची मुले वाचवा' असे म्हणणाऱ्या मातांनी १९६५ पासूनच तेथे निदर्शने सुरू केली होती. १९६६-६७ च्या सुमारास तेथील खलाशांच्या संघटनेने 'बूनारू' आणि 'जेपॅरिट' या युद्धसामग्री नेणाऱ्या जहाजांवर काम करण्यास नकार दिला. सरकारने मार्च १९६७ मध्ये 'बूनारू' नौदलात सामील करून घेतले आणि नौसैनिकांकडून चालवले. जहाज गेलेच, हे खरे. मात्र व्यापारी जहाजावर नौदलाचे निशाण लावावे लागले आणि ते साऱ्या देशाने पाहिले. ८ मे १९७० ला मेलबर्नचे रस्ते माणसांनी भरले, आणि डिसेंबर १९७२ मध्ये व्हिटलम यांचे सरकार आल्याबरोबर सक्तीची भरती बंद झाली.

याच्याही आधीची गोष्ट मला अधिक जवळची आहे. १९४५ मध्ये जपान शरण गेल्यावर डच सरकार इंडोनेशियात परत येऊ पाहत होते. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत गोदी कामगारांनी डच जहाजांवर माल चढवण्यास नकार दिला आणि त्या जहाजांवरचे हिंदी खलाशीही काम सोडून त्यांच्या बाजूला उभे राहिले. परक्या बंदरात जहाज सोडणे म्हणजे काय, हे बोटीवर गेलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. पगार थांबतो, परतीची वाट बंद होते, आणि घरी दोन-दोन महिने पत्रही पोहोचत नाही. त्या खलाशांना इंडोनेशियाशी काही देणेघेणे नव्हते. आपणही पारतंत्र्यात आहोत, एवढाच त्यांचा संबंध.

त्याच काळात इंग्रजांनी आपले हिंदी सैन्य इंडोनेशियात उतरवले होते आणि सुराबायात मोठी लढाई झाली. पुढे १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रावरून नौसैनिकांचा संप सुरू झाला. निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक ही तक्रार होतीच, परंतु त्यांच्या मागण्यांत इंडोनेशियातून हिंदी सैन्य परत आणा अशीही मागणी होती. आपल्याकडे हा भाग फारसा सांगितला जात नाही, याचे मला वाईट वाटते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी नौदलातील खलाशी मोठ्या संख्येने आपल्याच किनाऱ्यावरील, विशेषतः रत्नागिरीकडच्या मुसलमान दर्यावर्दी घरांतून जात असत. पुढे भरती देशभरातून झाली, तरी कोकणी माणूस त्यात होताच. ताई, तुमच्या विद्यार्थ्याला अमेरिकेइतके लांब जाण्याची गरज नाही, मुंबईपर्यंत आला तरी पुरे.

घाटाखालचा सैनिक (सावंतवाडी):

मी वरील दोघांचाही आदर राखून थोडे वेगळे लिहिणार आहे. मी १९८८ मध्ये भारताने श्रीलंकेत पाठवलेल्या शांतिसेनेबरोबर जाफन्यात होतो. घरून होणाऱ्या विरोधाबद्दल वाचताना सैनिकाच्या मनात काय येते, हे त्या खंदकात बसलेल्यालाच कळते. आपण जिवावर उदार होऊन उभे असताना मागे आपल्याच देशातले लोक 'हे युद्ध चूक आहे' म्हणतात, हे ऐकणे सोपे नसते. अमेरिकेतही सगळा देश विद्यार्थ्यांच्या बाजूचा नव्हता, हेही मुलांना सांगायला हवे. ४ मे १९७० रोजी केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या, म्हणजे राज्याच्या राखीव सैन्याच्या, गोळीबारात चार विद्यार्थी मेले, तेव्हा एका जनमत चाचणीत ५८ टक्के लोकांनी दोष विद्यार्थ्यांनाच दिला. चारच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये बांधकाम मजुरांनी निदर्शक विद्यार्थ्यांना मारहाण केली. १९७२ च्या निवडणुकीत युद्धविरोधी उमेदवार मॅकगव्हर्न यांना पन्नासांपैकी एकच राज्य मिळाले.

आता माझ्या अनुभवाचे लिहितो. २९ जुलै १९८७ च्या भारत-श्रीलंका करारानंतर आम्ही गेलो ते शांतता राखण्यासाठी, आणि ऑक्टोबरपासून ज्या तमिळांचे रक्षण करायचे म्हणून गेलो त्यांच्यातील सशस्त्र गटाशीच लढू लागलो. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० ला त्रिंकोमालीहून निघाली. तोपर्यंत अकराशेच्या वर जवान गेले होते. तामिळनाडूत या मोहिमेला उघड विरोध होता, आणि सैन्य परतले तेव्हा तेथील मुख्यमंत्री स्वागताला आले नाहीत. आम्हांला ते फार लागले. मी कित्येक वर्षे त्या गोष्टीचा राग धरून होतो.

परंतु वय झाल्यावर दुसरीच गोष्ट अधिक सलू लागली. तामिळनाडूने विरोध तरी केला, म्हणजे त्यांनी त्या युद्धाकडे पाहिले. आमच्या जिल्ह्यात घरटी एक माणूस फौजेत, तरी आम्ही तेथे कशासाठी आहोत असे मला कोणी विचारले नाही. सुट्टीवर आलो की लोक आपुलकीने चौकशी करत, काजू-फणसाचे बोलत, पगाराचे विचारत. माझ्या तुकडीतला शेजारच्या गावचा मुलगा गेला तेव्हा सारा गाव रडला, आणि तेराव्यानंतर कोणी काही बोलले नाही. त्याची आई मला पुन्हा पुन्हा एकच विचारत असे, की तो कोणासाठी गेला. सीमेवर गेला असता तर मला उत्तर देता आले असते. कोलंबोजवळ श्रीलंका सरकारने आमच्या मृतांचे स्मारक उभारले आहे, त्यावर त्या मुलाचे नाव आहे. तिला तेथे नेणारे कोणी नव्हते.

त्यामुळे माझे म्हणणे एवढेच, की विरोध करणाऱ्यांनी सैनिकाला शत्रू समजू नये. अमेरिकेत हे शेवटी सैनिकांनीच दाखवून दिले. एप्रिल १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतलेल्या शेकडो सैनिकांनी वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या पायऱ्यांवर आपली पदके फेकून दिली. मी माझी पदके फेकणार नाही, ती माझ्या मुलांसाठी ठेवली आहेत. पण त्या माणसांच्या हाताला काय वाटले असेल ते मला समजते, आणि त्यांना देशद्रोही म्हणणारा माणूस मला माझ्या घरात नको.

खाडीकाठ (गुहागर):

काका, तुमचे लिखाण मी दोनदा वाचले आणि आज वर्गात, तुमचा उल्लेख न करता, त्यातला आईचा प्रश्न सांगितला. वर्ग बराच वेळ शांत होता. मग एका मुलीने विचारले, की सरकारने परदेशात सैन्य पाठवायचे ठरवले आणि लोकांच्या म्हणण्यामुळे ते पाठवले गेले नाही, असे कधी झाले आहे का. मास्तर, याचे उत्तर तुम्ही द्यावे. आणखी एक विनंती, पाटीवरच्या त्या महायुद्धाबद्दलही दोन शब्द लिहावेत.

जुना मास्तर (रत्नागिरी):

सावंतवाडीच्या भाऊंना नमस्कार. तुम्ही जे लिहिले त्यापुढे माझी सनावळी फिकी आहे. तरीही विचारले आहे म्हणून लिहितो.

मुलीच्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, आणि त्यातले एक उदाहरण आपले स्वतःचे आहे. इराकवर हल्ला करण्यासाठी अमेरिकेला तुर्कस्तानच्या भूमीवरून सैन्य न्यायचे होते. १ मार्च २००३ रोजी अंकारात संसदेबाहेर प्रचंड निदर्शने चालू असताना आत मतदान झाले. बाजूने २६४ आणि विरोधात २५० मते पडली, परंतु तटस्थ सदस्य धरता आवश्यक बहुमत झाले नाही आणि प्रस्ताव फेटाळला गेला. भारतात त्याच वर्षी एप्रिलमध्ये संसदेने या युद्धाची निंदा करणारा ठराव एकमताने केला. पुढे अमेरिकेने इराकमध्ये सैन्य पाठवण्याची विनंती केली. डिव्हिजनभर सैन्य पाठवण्याचा विचार दिल्लीत काही आठवडे गंभीरपणे चालला होता, विरोधी पक्षांचा आणि लोकमताचा त्याला विरोध होता, आणि १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय सैन्य पाठवणार नाही असे ठरवले. ताई, एक डिव्हिजन म्हणजे पंधरा हजारांच्या वर माणसे. त्यांत आपल्या पट्ट्यातले किती असते, याचा हिशेब भाऊ अधिक चांगला करतील.

स्पेनचे सरकार बहुतांश लोकमत विरोधात असतानाही युद्धात उतरले, मार्च २००४ च्या निवडणुकीत पडले आणि नव्या सरकारने सैन्य परत आणले. मतदानाच्या तीन दिवस आधी माद्रिदमध्ये रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले होते, तेही त्या निकालामागे होते, ते लपवू नये. ब्रिटनमध्ये ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरील कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला. दहा वर्षांपूर्वी लंडनमध्ये चालून ज्यांचे पाय दुखले आणि ज्यांना अपयश आले, त्यांची आठवण त्या सभागृहात होती असे मला ठामपणे वाटते.

आता पाटीबद्दल. आपल्या भागातून गेलेल्यांपैकी अनेकजण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्येच गेले. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या. ती डिव्हिजन कूत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून तुर्कांच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेली. उपासमारीने आणि नंतर कैदेत कराव्या लागलेल्या लांब पायपिटीने फार माणसे मेली. त्या युद्धाला गावातून उघड विरोध करणे शक्य नव्हते. लोकमान्य टिळक, जे आपल्या रत्नागिरीत जन्मले, त्यांचीही भूमिका भरतीच्या विरोधात नव्हती. भरती करा पण बरोबरीचे हक्क आणि स्वराज्य द्या, असे त्यांचे म्हणणे होते. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत ते स्वराज्याचा विषय काढू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभा सोडून निघाले.

उघड नकार आला तो पुढल्या युद्धात. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने कोणालाही न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, तेही जन्माने रत्नागिरीचेच, यांच्यासह काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. या युद्धाला माणसे देऊन किंवा पैसे देऊन मदत करणे चूक आहे, एवढे एक वाक्य जाहीरपणे बोलायचे आणि तुरुंगात जायचे, असे त्याचे स्वरूप होते. चार दिवसांत त्यांना अटक झाली. त्यांच्या मागोमाग वीस हजारांहून अधिक माणसे एकेकट्याने तेच वाक्य बोलून तुरुंगात गेली. विनोबा पेणजवळच्या गागोद्याचे. तुमच्या गावापासून एका दिवसात जाऊन येता येईल.

ताई, एक काम मात्र करा. त्या पाटीचा स्वच्छ फोटो काढून येथे लावा आणि गावातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारा, की कोणत्या घरातले कोण गेले होते. चार नावे मिळाली तरी मुलांना लिहून ठेवायला सांगा.

दर्यावर्दी (हर्णै):

सावंतवाडीच्या भाऊंसाठी एक निरोप. माझा पुतण्या सध्या कोलंबोला जाणाऱ्या जहाजावर आहे. तुमच्या तुकडीतल्या मुलाचे नाव मला खासगी संदेशातून कळवा. बंदरातून बाहेर जाण्याची परवानगी मिळाली तर तो स्मारकावर जाऊन नावाचा फोटो काढील, आणि त्या आई अजून असतील तर त्यांना, नसतील तर त्यांच्या घरी, मी स्वतः नेऊन देईन.